शिसव, सागवान आणि ओशट लाकडं : लेथवर कातल्यावर फिनिश कुठलं लावायचं

आईसाठी मी शिसवीचा कुंकवाचा करंडा कातला होता, झाकणाला छोटी कळी, आत साधारण दोन बोटं खोल. कातून पॉलिश पेपर मारून झाल्यावर त्याला डबल बॉइल्ड जवसाचं तेल लावलं, कारण बाभळीच्या आणि आंब्याच्या वस्तूंना मी तेच लावत आलो होतो आणि तिथे कधी काही बिघडलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी हात लावला तर चिकट, आठव्या दिवशी तसाच, एक महिना झाला तरी अंगठा टेकवला की ठसा उमटायचा. आईने तोवर तो देवघरात ठेवून वापरायला सुरुवात केली होती, आणि झाकणाच्या काठावर कुंकू असं काही बसलं की पुसून निघेना. मला तेव्हा वाटलं तेल भेसळीचं आलं असणार. तेल चांगलंच होतं, मी लाकूड ओळखलं नव्हतं.

तर हे सगळं त्यांच्यासाठी लिहितोय जे घरी किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये कातकाम करतात आणि शिसव, सागवान, खैर, अंजन असली लाकडं हातात आल्यावर नेहमीचा डबा उघडतात.

आधी हे समजून घ्या की तेल "वाळतं" म्हणजे काय होतं. जवसाचं तेल, टंग ऑइल, दुकानात मिळणारं टीक ऑइल, साधं एका डब्यातलं वॉर्निश किंवा ऑइल बेस पॉलियुरेथेन, ही सगळी पाण्यासारखी उडून वाळत नाहीत, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्यांचे रेणू एकमेकांत गुंततात आणि मग ती घट्ट होतात. शिसवीच्या जातीच्या लाकडात, म्हणजे डॅल्बर्जिया वंशात, अशी नैसर्गिक द्रव्यं असतात जी नेमकं हेच होऊ देत नाहीत. झाडाला बुरशी आणि किडीपासून वाचवणारी ही द्रव्यं अँटिऑक्सिडंट असतात, तेलाच्या वाटेत उभी राहतात, आणि तेल अर्धवट चिकट राहून जातं. म्हणजे जे लाकूड शंभर वर्षं वाळवीला दाद देत नाही तेच तुमच्या तेलालाही दाद देत नाही, कारण दोन्हीकडे एकच. दुसरी अडचण चिकटण्याची, पृष्ठभागावर ओशटपणा असला की वरचा थर लाकडाला धरतच नाही आणि वर्षभरात पापुद्रा सुटतो.

आता यातलं कुठलं लाकूड किती त्रास देतं ते सरसकट नसतं. आपल्याकडे शिसव आणि शिसम यांची नावं फार मिसळतात. जांभळट काळी, जड, जुन्या वाड्यातल्या पाटांची आणि पलंगाच्या पायांची ती शिसव म्हणजे डॅल्बर्जिया लॅटिफोलिया, आणि उत्तरेकडून येणारा तपकिरी, जरा हलका तो शिसम म्हणजे डॅल्बर्जिया सिसू. त्रास दोन्ही देतात पण माझ्या हातात शिसव जास्त देते. सागवान ओशट आहे, हाताला मेणासारखं लागतं, पण तेल त्याच्यावर उशिरा का होईना वाळतं, बहुतेक वेळा नुसता जास्त वेळ दिला की भागतं. खैर आणि अंजन यांचा प्रश्न तेलाचा कमी आणि घट्टपणाचा जास्त, खैराचं वजन घनमीटरला साधारण १००० किलोच्या आसपास जातं आणि अंजन पाण्यात टाकलं तर बुडतं, त्यामुळे आत काही मुरतच नाही, लावलेलं सगळं वरच राहतं. तुलनेला सागवान ६५० च्या आसपास आणि शिसव ८३०-८५०. बाहेरून येणारे कोकोबोलो आणि आफ्रिकन ब्लॅकवुड हे शिसवीचेच भाऊबंद, पेन बनवणारे ते मागवतात, त्यांना खाली शिसवीसाठी लिहिलेलं सगळं लागू, थोडं जास्तच लागू.

जुन्या वाड्याचं लाकूड ऐंशी वर्षं वाळलंय म्हणजे त्यातलं तेल गेलं असेल असं पुष्कळ जण धरून चालतात. जात नाही. बाहेरचा एक मिलिमीटर फिका पडलेला असतो, गाउज (कातायची पन्हळीदार पटाशी) लावली की आतून तीच जांभळी, तोच वास, तोच ओशटपणा.

खात्री करायची असेल तर त्याच ठोकळ्याचा एक तुकडा बाजूला ठेवा, पॉलिश पेपर मारा, पांढऱ्या सुती फडक्यावर स्पिरिट घेऊन घासा. शिसव असेल तर फडकं दोन फेऱ्यात वांगी रंगाचं होतं. मग त्याच तुकड्यावर जे फिनिश लावायचं मनात आहे ते लावून ४८ तास ठेवा आणि अंगठा दाबून बघा, ठसा राहिला तर ते फिनिश या लाकडाला नाही. वस्तू कातायच्या आधी हे करायचं, नंतर नाही. मी आता प्रत्येक नव्या ठोकळ्याला हे करतो, ओळखीचं लाकूड असलं तरी, कारण एकाच झाडाच्या दोन तुकड्यात फरक पडलेला पाहिलाय.

मग लावायचं काय? माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, लाख. म्हणजे शेलॅक, चपडा. ही स्पिरिटमध्ये विरघळते, स्पिरिट उडालं की लाख मागे राहते, ऑक्सिजनचा काही संबंधच नाही, त्यामुळे शिसव कितीही ओशट असो, लाख वाळते. आणि ती चिकटतेही चांगली. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यापासून मिळणारी ही वस्तू, झारखंड-छत्तीसगडमध्ये मोठ्या प्रमाणात होते, रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे, आणि आपण मात्र परदेशी डबे शोधत बसतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. मिरजेत सतारमेकर गल्लीत जाऊन बघा, सतार-तंबोऱ्याला आजही लाखेचं पॉलिश बोळ्याने चढवतात. तंबोऱ्याच्या खुंट्या शिसवीच्या असतात, रोज पिळल्या जातात, हाताचा घाम लागतो, आणि पिढ्यानपिढ्या त्या टिकतात. माझा करंडा बिघडल्यावर तिथल्या एका वयस्कर कारागिराला दाखवला तर त्यांनी बोटाने चिकटपणा बघितला आणि फक्त एवढंच म्हणाले, "तेल का पाजलंस? तिच्या पोटात आधीच हाय की." मला हे वाक्य सगळ्या डब्यांवरच्या सूचनांपेक्षा जास्त उपयोगी पडलंय.

लाख घरी कशी भिजवायची ते सांगतो. चपड्याचे पातळ पापुद्रे घ्या, मिक्सरला फिरवले तर लवकर विरघळतात. एक लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम चपडा म्हणजे पातळ, २४० ग्रॅम म्हणजे मध्यम. ओशट लाकडाला पहिले हात पातळच पाहिजेत. काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, मधून मधून हलवा, लोखंडाचा डबा नको, लाख काळपट होते. तळाशी पांढुरकं मेण बसतं, लाखेत साधारण ३ ते ५ टक्के मेण असतंच, तर दोन-तीन दिवस न हलवता ठेवून वरची स्वच्छ लाख अलगद दुसऱ्या बरणीत ओतून घ्या. नुसती लाखच लावणार असाल तर मेण राहिलं तरी चालतं, पण वर दुसरं काही म्हणजे पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पाणीवालं लॅकर मारणार असाल तर हे मेण काढणं अत्यंत गरजेचं, नाहीतर वरचा थर धरत नाही. बरणीवर तारीख लिहा. सहा महिन्यांच्या वर गेलेली लाख मी वापरत नाही, ती जुनी झाली की कडक वाळायचं सोडून देते, काचेवर एक थेंब टाकून बघा, तासाभरात नख टोचलं तर खूण पडायला नको.

लावायच्या आधी लाकूड तयार करायचं, आणि माझ्या मते घट्ट लाकडात सत्तर टक्के फिनिश इथेच होतं. आंब्याला ३२० चा पेपर मारून थांबलात तरी चालतं कारण लाकूड मऊ, ओरखडा दिसत नाही. शिसव, खैर, अंजन इथे प्रत्येक ओरखडा लाख लावल्यावर आरशासारखा उठून दिसतो, म्हणून १८०, २४०, ३२०, ४००, ६००, आणि वेळ असेल तर १००० पर्यंत जा, एकही पायरी न गाळता, आणि प्रत्येक नंबरनंतर लेथ बंद करून धाग्याच्या दिशेने हाताने चार वेळा ओढा, नाहीतर गोल गोल रेषा राहतात. लेथचा स्पीड कमी ठेवा, मी पॉलिश पेपरला मिनिटाला ६००-७०० फेऱ्यांच्या वर नेत नाही. का, तर ही लाकडं तापली की तडकतात. शिसवीवर केसाएवढ्या बारीक चिरा येतात, त्या लगेच दिसत नाहीत, पॉलिश चढल्यावर दिसतात आणि मग काही करता येत नाही. पेपर धरलेलं बोट गरम लागलं की थांबायचं, लाकूड गार होऊ द्यायचं. ओशट भुकटीने पेपर लगेच भरतो, त्यावर काळ्या गुठळ्या बसतात आणि त्या गुठळ्याच परत ओरखडे काढतात, तर पेपर झटका, नवा घ्या, कंजूषी इथे नको. शिवाय एन-९५ मास्क घालाच. शिसवीच्या भुकटीची ॲलर्जी होते, अंगावर पुरळ येतं, काहींना श्वासाचा त्रास होतो, आणि एकदा सुरू झाली की पुढे थोड्या भुकटीनेही होते.

शेवटचा पेपर झाला की ब्लोअरने छिद्रं साफ करा आणि त्याच दिवशी फिनिश लावा. तसंच ठेवून दिलं तर आतला ओशटपणा हळूहळू वर येत राहतो. ॲसिटोनने पुसायचं की नाही यावर लोक खूप वाद घालतात. माझा अनुभव असा की लाख लावणार असाल तर गरज नाही, स्पिरिट ते काम थोडंफार करतंच, पण सुपरग्लूचं फिनिश, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर किंवा पीयू लावणार असाल तर पुसा आणि पुसल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पहिला हात मारा. पुसून चहा प्यायला गेलात तर पुसलेलं फुकट. आणि नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेलं आणि सुगंध घातलेले असतात, शुद्ध ॲसिटोन केमिकलच्या दुकानातून आणा.

एक गोष्ट शिसवीत फार जपायला लागते. गाभा जांभळा आणि बाहेरचा भाग पांढरट पिवळा, दोन्ही रंग एका वाटीत आले की फार सुंदर दिसतं, पण गाभ्याचा रंग स्पिरिटमध्ये आणि ॲसिटोनमध्ये सुटतो. ओलं फडकं गाभ्यावरून पांढऱ्यावर ओढलं की सगळा पांढरा भाग गुलाबी मळकट होतो आणि तो परत कातल्याशिवाय जात नाही. म्हणून पहिला हात फडक्याने नाही, मऊ ब्रशने, आधी पांढऱ्या भागावर, मग ब्रश पुसून गाभ्यावर, पातळ आणि पटकन, घासायचं नाही. स्प्रे असेल तर दोन धूसर हात स्प्रेने मारा. ते वाळले की रंग आत बंद होतो आणि पुढे बोळा बिनधास्त चालवा.

पुढे लेथवर बोळा. जुन्या धुतलेल्या सुती कापडाची छोटी घडी, बोटाला गुंडाळायची नाही, लेथमध्ये अडकलं तर बोट जातं, नुसती चिमटीत धरायची. तिच्यावर मध्यम लाखेचे चार-पाच थेंब, आणि वर जवसाच्या तेलाचा एक थेंब, फक्त कापड सरकायला. बाहेरच्या रेसिपीत लाख, स्पिरिट आणि जवसाचं तेल सम प्रमाणात सांगतात, ते मेपलसारख्या कोरड्या लाकडाला ठीक आहे, शिसवीला तेवढं तेल गेलं की परत माझ्या करंड्याचीच गत. लेथ हजारच्या आसपास, कापड खालच्या बाजूने टेकवायचं, हलकं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता. मध्येच थांबलात की तिथे कडं उमटतं. आधी ओलसर ओढ दिसते, मग कापडाखाली जराशी ऊब लागते आणि एका क्षणी, अगदी एका क्षणी, लाकडाचा रंग खोल होतो, जांभळ्यात काळ्या रेघा वर आल्यासारख्या दिसतात. तिथे कापड उचलायचं. अजून थोडं चकाकेल म्हणून दाबत राहिलात तर लाख वितळून कापडाला येते. असे चार-पाच हात, दोन हातांमध्ये पंधरा-वीस मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण कडक झाल्यावर मेण. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशाला वितळतं म्हणून हाताच्या उबेने मऊ पडतं आणि बोटांचे ठसे धरतं, कार्नोबा ८२-८६ अंशाला, तो जास्त कडक, मी दोन्ही मिसळतो, कार्नोबा जास्त.

कर्नाटकात चन्नपट्टणला याच्या उलट करतात, रंगीत लाखेची कांडी थेट फिरत्या लाकडावर दाबतात, घर्षणाने ती वितळून चढते आणि मग केतकीच्या जातीच्या पानाने घोटून चकाकी आणतात. ते लाकूड मात्र फिकं आणि बारीक पोताचं, काळ्या कुड्याचं. शिसवीसारख्या लाकडावर रंगीत लाख मारून त्याचे रेषे झाकणं मला पटत नाही.

पावसाळ्यात, खास करून कोकणात आणि मुंबईत, लाख पांढरट धुरकट पडते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं बाष्प त्यात अडकतं. उघडीप मिळालेल्या दिवशी दुपारी काम करा, आणि पडलीच धुरकट तर घाबरू नका, कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा अर्धओला बोळा हलका फिरवा, बाष्प निघून जातं.

लाख कुठे चालत नाही तेही सांगायला हवं. गरम कपाखाली डाग पडतो, दारू सांडली तर विरघळते, आणि साबण, सोडा, चुना यांच्याशी तिचं जमत नाही. म्हणून चुन्याची डबी, पानदानाच्या आतली बाजू, रोज धुतलं जाणारं भांडं, इथे लाख नको. लाटणं, रवी यांना तर मी काहीच लावत नाही, शिसवीचं किंवा बाभळीचं लाटणं ६०० पर्यंत घासून, पाण्याने पुसून उठलेले रेषे परत घासून तसंच देतो, कणकेचं तूप-तेल त्याला मिळत राहतंच. कुणाला चकाकी हवीच असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन, ते मुळात वाळतच नाही म्हणून अडायचा प्रश्न नाही, खवटही होत नाही, नाहीतर शेंगदाण्याचं तेल लावून ठेवलेल्या लाटण्याला पुढच्या महिन्यात कसा वास येतो ते बघा.

काही न लावणं हे अंजन आणि ब्लॅकवुडसारख्या लाकडाला खरोखर चांगलं उत्तर आहे आणि लोकांना ते पटत नाही. २००० पर्यंत पेपर, मग बफ, मग थोडा कार्नोबा, बस. लाकूड इतकं घट्ट की स्वतःच चकाकतं. फक्त गडद लाकडावर पांढरा बफिंग सोप घेऊ नका, छिद्रांत पांढरे ठिपके बसतात, तपकिरी घ्या.

पेनला सुपरग्लू चालतो, रोज हाताळायची वस्तू म्हणून मी तोच लावतो. ॲसिटोनने पुसून, पातळ ग्लूचे सात-आठ हात, पण टिश्यू पेपरने, सुती कापडाने अजिबात नाही, कापूस आणि हा ग्लू एकत्र आले की इतकं तापतं की धूर निघतो आणि बोट भाजतं. पेनच्या दोन्ही टोकांना ग्लू नीट बसला पाहिजे, सुटायला तिथूनच सुरुवात होते. जिन्याचे कातीव गज किंवा टेबलाचे पाय असतील तर दोन भागांचं पीयू, ते हार्डनरने कडक होतं, ऑक्सिजनवर अवलंबून नसतं, पण खाली मेण काढलेल्या लाखेचा एक हात द्या, आणि स्प्रे मारणार असाल तर नेहमीचा कापडी मास्क पुरत नाही, केमिकल कार्ट्रिजवाला लागतो. पॉलिस्टरच्या वाटेला मात्र लाकूड आणि फिनिशमध्ये आयसोलेटर, म्हणजे लाकडातली द्रव्यं अडवणारा थर, नसेल तर शिसवीवर जाऊ नका, ते तेलासारखंच अडतं.

सागवानाला तेल हवंच असेल तर लावा, पण पातळ करून, वीस मिनिटांनी वरचं सगळं पुसून कोरडं करायचं, आणि दोन हातांमध्ये तीन-चार दिवस. "टीक ऑइल" सागातून काढलेलं नसतं, तेल आणि वॉर्निशचं मिश्रण असतं, नावावर जाऊ नका. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत, जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका. परदेशात कुणाला शिसवीची वस्तू विकत असाल तर एवढं लक्षात ठेवा की २०१७ च्या जानेवारीपासून जवळजवळ पूर्ण डॅल्बर्जिया वंश साइटिसच्या, म्हणजे दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या यादीत आहे, पाठवण्याआधी कागदपत्रांची चौकशी करा.

आता तुमच्याकडे आधीच चिकट झालेली वस्तू असेल तर. उन्हात ठेवू नका, तडकेल. मी करंडा परत लेथच्या चकमध्ये (वस्तू पकडणाऱ्या जबड्यात) धरला, फडक्यावर टर्पेंटाइन घेऊन चार-पाच वेळा पुसला, प्रत्येक वेळी नवीन फडकं, मऊ तेल बरंचसं निघालं. मग ३२० चा पेपर, भुकटी कोरडी पडायला लागेपर्यंत, कारण तेल राहिलं असेल तर भुकटी न पडता गोळे होतात. मग ४००, ६००, मग ब्रशने पातळ लाखेचे दोन हात आणि बोळा. आतली बाजू मुद्दाम कोरी ठेवली, कुंकवात चुना किंवा खार असतो, तिथे लाख नको. झाकण जिथे घट्ट बसतं त्या खाचेलाही लाख लावली नाही, नुसता मेणाचा तुकडा एकदा फिरवला, कारण तिथे लाखेचा थर चढला की दमट दिवसात झाकण अडकतं. चोवीस तास ठेवून अंगठा दाबला, ठसा नाही. तरी आईला लगेच दिला नाही, अजून आठ दिवस माझ्या टेबलावर ठेवला आणि रोज येता जाता हात लावून बघत होतो.